चित्रातल्या बाई

सोमवार, ४ मार्च

बाई,

हे पत्र कामाचं आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पाकीट फोडताना तुमच्या कपाळावर जी आठी पडली असेल ती जाईल. भाषेचा एक प्रश्न अडलाय, आणि भाषेत अडलं की कुणाकडे जायचं हे मला चौथीपासून ठाऊक आहे. तीन वर्षं आपण एकमेकींना एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल या पत्रात काही नाही.

आमच्या संग्रहालयात पहिल्या मजल्यावर, जिन्यासमोर, एक पेस्टलमधलं व्यक्तिचित्र आहे. अठराव्या शतकातलं. तुम्ही बाबांबरोबर आला होतात तेव्हा बराच वेळ त्याच्यासमोर उभ्या होतात. करड्या-निळ्या पोशाखातली चाळिशीची बाई, डोक्यावर साधी पांढरी टोपी, मांडीवर पुस्तक. बाबा म्हणाले होते, "हिच्यासमोर मला उगाच गृहपाठ राहिल्यासारखं वाटतंय." खाली चाळीस वर्षं एकच पाटी आहे, 'उमराव घराण्यातील स्त्री'. म्हणजे कुणालाच काही माहीत नाही.

आता वीस एप्रिलला नवं दालन उघडतंय आणि हे चित्र त्यात दर्शनी भिंतीवर लागणार आहे. आमचे नवे संचालक उत्साही आहेत. मला बोलावून म्हणाले, "चित्र साफ करा, आणि चित्रातली बाई कोण ते एकदाचं शोधून काढा. पाटीचा मजकूर दहा एप्रिलला छपाईला जायला हवा."

साफ करा म्हणणं सोपं असतं. पेस्टल म्हणजे शेवटी खडूच. कागदावर रंगाची पूड नुसती बसलेली असते, तिला धरून ठेवायला ना तेल ना डिंक. ही बाई अडीचशे वर्षं टिकली ती निव्वळ कुणी धक्का दिला नाही म्हणून. असं चित्र पालथं घालायचं नसतं. म्हणून मी ते दोन ठोकळ्यांवर उताणं ठेवलं, स्वतः टेबलाखाली आडवी झाले आणि मोटारीखाली मेकॅनिक शिरतो तशी मागच्या फळीचे खिळे काढत बसले. या वयात हे शोभत नाही, पण मला फार सुख झालं. फळी सुटली आणि तळहाताएवढी एक चिठ्ठी माझ्या छातीवर पडली. तपकिरी झालेली शाई, मोठं गोल अक्षर. दोनच शब्द: 'आमच्या बाई'.

तेव्हापासून ऑफिसात वाद सुरू आहे. संचालकसाहेब म्हणतात, "बाई म्हणजे घरची मालकीण. सरळ आदरार्थी अनेकवचन आहे. मोलकरणीला कोण अनेकवचन लावतं?" दारावरचे पहारेकरी वीस वर्षं इथे आहेत, त्यांचं मत वेगळं. "आमच्याकडे धुण्याभांड्याला येते ती बाई. आणि एक दिवस ती आली नाही ना, की आमच्या घरी अनेकवचनच काय, हात जोडतात तिला." तिसरे वंशजकाका. ज्या घराण्यानं हे चित्र दिलं त्यातले हे शेवटचे, आणि ओळख करून देताना स्वतःला 'वंशज' म्हणवतात म्हणून आम्ही त्यांना तेच नाव ठेवलंय. त्यांच्या मते ही त्यांची थोरली आजीसाहेब, जिच्या माहेरून दोन पाणचक्क्या आल्या ती.

तर प्रश्न असा, की 'आमच्या बाई' असं कोण लिहील, आणि कुणाबद्दल? शब्दांचं महत्व तुमच्याइतकं कुणी जाणत नाही म्हणून विचारते.

गुडघा कसा आहे? हा प्रश्न कामाचा नाही, उत्तर दिलं नाहीत तरी चालेल.

तुमची
बडबडी


बुधवार, १३ मार्च

बाई,

तुमचं उत्तर नाही, हे मी धरूनच चालले होते. तरी रोज टपालाची पेटी दोनदा उघडली, कारण एकदा उघडल्यावर नीट पाहिलं की नाही अशी शंका येते.

मधल्या काळात मी तोंडावर आपटले आहे. ते तुम्हाला सांगितलं पाहिजे, कारण बाकी कुणाला सांगण्यासारखं नाही.

तुमची वाट न पाहता मी माझं उत्तर काढलं होतं: मोलकरीण. सगळा उहापोह करून साहेबांपुढे ठासून मांडलं. टोपी साधी, गळ्यात काही नाही, कानात काही नाही, बोटांची नखं आखूड. पाणचक्क्या घेऊन आलेली सून अशी बसेल का चित्राला? साहेब म्हणाले, "तुम्ही फारच जोरात बोलताय." खरं होतं. 'बाई' म्हटलं की मोलकरीणच असणार हे मी इतक्या जोरात का सांगत होते, ते मला तेव्हाही कळत होतं. इथे लिहीत नाही.

मग साफसफाईला बसले. काच काढली. गडद भागावर बुरशीचे ठिपके होते, ते एकेक करून टिपले, त्यात चार दिवस गेले. उजव्या बाहीच्या टोकाला, मनगटापाशी, पांढरट धूळ दिसत होती. अशी धूळ नेहमीची. वरच्या भागातली पूड सुटते आणि खाली येऊन बसते. टोपीचा पांढरा असणार, असं धरलं. सगळ्यात मऊ ब्रश घेतला, श्वास रोखला. आमच्यात नियम आहे, आधी भिंगातून पाहायचं, मग हात लावायचा. मी तीस वर्षं नव्या लोकांना हा नियम शिकवते. त्या दिवशी भिंग बाजूच्या टेबलावर होतं आणि मी उठायचा कंटाळा केला.

ब्रश बाहीपासून बोटभर अंतरावर होता, आणि मला एकदम वाटलं की हे मी आधी केलंय. बाहीवरची पांढरी धूळ झटकणं. शाळेतून आपण घरी यायचो, तुम्ही चप्पल काढायला वाकायचात आणि मी तुमची उजवी बाही हातानं झटकायची. तुम्ही म्हणायचात, "पुरे, उद्या पुन्हा होणारच आहे."

उठले. भिंग आणलं. बाई, ती धूळ नव्हती. चार आखूड फटकारे होते, तिरके, एकापुढे एक, आणि बोटाच्या टोकानं हलकेच दाबून पसरलेले. बाकीचं चित्र ज्या हातानं काढलं त्याच हाताचे. चित्रकारानं त्या बाहीवर खडूची धूळ खडूनंच काढून ठेवली होती आणि मी ती साफ करायला निघाले होते. मी ब्रश ठेवला आणि खोलीबाहेर जाऊन उभी राहिले. पहारेकऱ्यांनी विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "पीठ असेल, स्वयंपाकघरातलं." त्यांना त्यांचा पक्ष सोडवत नव्हता.

पण पीठ दोन्ही हातांना लागतं. आणि स्वयंपाकीण मांडीवर पुस्तक घेऊन बसत नाही. पुस्तकाकडे मी इतक्या वर्षांत नीट पाहिलंच नव्हतं. ते मिटलेलं आहे, आणि त्यात तर्जनी अडकवलेली आहे. कुणीतरी मध्येच काहीतरी बोललंय म्हणून तिनं वाचन थांबवलंय, पान मात्र सोडलेलं नाही, आणि बोलणारा गप्प होण्याची ती वाट बघतेय. हे बोट मी ओळखते. आमच्या वर्गात बहुतेक वेळा तो बोलणारा म्हणजे मीच असायची.

चित्रातल्या बाई म्हणजे शाळेतल्या असतात तशा बाई. शिकवणाऱ्या. लहान मुलानं चिठ्ठी लिहिली असेल तर 'आमच्या बाई' याचा दुसरा अर्थच होत नाही. वर्गात पन्नास वेळा म्हटलेला शब्द, आणि मला तो सोडून सगळे अर्थ सुचले.

तुमची
बडबडी


शुक्रवार, २२ मार्च

बाई,

वंशजकाका रागावले. "आमच्या घराण्याचं चित्र, आणि त्यात मास्तरीण? पगारी?" मी म्हटलं, "काका, चिठ्ठी कुणा मुलानं लिहिलेली दिसतेय. तुमच्या घरात त्या काळचं मुलांचं काही आहे का?" ते म्हणाले, "आहे, आणि त्यानंच तुमचं तोंड बंद होईल." असा पाहुणचार मला आवडतो.

त्यांच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. आम्ही दोघं शिडीवरून ती उतरवायला गेलो, काका वर, मी खाली, आणि पेटी मध्ये अडकली. दहा मिनिटं आम्ही तसेच उभे. तेवढ्यात त्यांनी मला सगळी वंशावळ ऐकवली, सुटका नव्हती. पेटीत सुलेखनाच्या वह्या निघाल्या. एक मुलगी, एक तिचा धाकटा भाऊ. मुलीची वही ती अकरा वर्षांची असतानाची. तिच्या 'ब'चं पोट फुगलेलं असतं आणि 'ई'ची शेपटी पुढच्या अक्षराच्या अंगावर जाते. मी चिठ्ठीचा फोटो शेजारी धरला. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. म्हणाले, "पोट तेच आहे." माणूस सज्जन आहे, समोर दिसलं की नाकारत नाही.

मी घरी यायला निघाले तर काका म्हणाले, "बसा हो. आता लागलंच आहे तर पुढचंही पाहू." वह्यांखाली पत्रं होती. मुलगी लग्न होऊन लांब गेली, तिथून तिनं भावाला लिहिलेली. एकात लिहिलंय (मी उतरवून घेतलं): 'बाईंचं चित्र दिवाणखान्यात हलवलंस ते बरं केलंस. बाबांनी त्यांना आई म्हणायला सांगितलं तेव्हा तू एकदाच म्हणालास आणि लाजून दोन वेळा जेवायला आला नाहीस, आठवतं का? मी तर एकदाही म्हटलं नाही.'

काकांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. बाबांनी आई म्हणायला सांगितलं. का सांगितलं असेल?

मंगळवारी मी दप्तरखान्यात गेले. विवाहनोंदींचं जाड पुस्तक, तिथल्या कारकुनानं ते असं ठेवलं की जणू मीच धूळ आणली. तिसऱ्या तासाला सापडलं. घरधन्याची पहिली बायको, पाणचक्क्यांची, वारली. दोन वर्षांनी त्यानं दुसरं लग्न केलं. वधूचं नाव आहे, आणि पुढे तिचा व्यवसाय लिहिलाय: 'याच घरी मुलांस शिकवते.' चित्राच्या कोपऱ्यात साल आहे, ते त्याच्या पुढच्या वर्षाचं. म्हणजे चित्र काढलं तेव्हा ती घरची मालकीणच होती. चांगले कपडे, दागिने घालून बसू शकली असती. बसली ती खडू लागलेल्या बाहीनं.

म्हणजे साहेबही बरोबर आणि मीही बरोबर. फक्त पहारेकरी हरले. त्यांनी ते हसून घेतलं. काकांना फोन केला तर म्हणाले, "म्हणजे घरचीच ना? मग तसं आधी सांगायचं." आता तेच सगळ्यांना सांगत फिरतायत की त्यांच्या घराण्यात विद्येची कदर होती.

मी फार खुशीत आहे, बाई. इतक्या वर्षांत मला कामानं असं सुख दिलं नव्हतं. दप्तरखान्यातून घरी चालत आले, बस सोडून. वाटेत सारखी ती मुलगी डोक्यात होती. अकरा वर्षांची, फळीमागे चिठ्ठी सरकवणारी. वडील म्हणतायत आई म्हण, आणि ही कागदावर लिहून, कुणाला दिसणार नाही अशा जागी, ठेवून देते की त्या आमच्या बाई आहेत.

आपल्या घरी बाबांनी सांगितलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. पाण्याच्या पेल्यात बघत राहिले होते. बाबा पुन्हा म्हणाले, "अगं, आई म्हणायचं आता." तुम्ही म्हणालात, "राहू दे हो. बाई चांगला शब्द आहे, मला सवय आहे त्याची." मला तेव्हा केवढं बरं वाटलं होतं. तुम्हाला काय वाटलं असेल हे मी चाळीस वर्षांत विचारलं नाही.

तुमची
बडबडी


बुधवार, ३ एप्रिल

बाई,

पाटीचा मजकूर केलाय. तुम्ही नजर टाकावी म्हणून देते. 'व्यक्तिचित्र, पेस्टल. गृहस्वामीची दुसरी पत्नी, मुलांची सावत्र आई, पूर्वी त्यांची शिक्षिका. मागील चिठ्ठीवर "आमच्या बाई" असा उल्लेख.' नाव विवाहनोंदीतून घेऊन वर घातलंय.

साहेबांना सगळं पसंत आहे, फक्त शेवटची ओळ नको आहे. म्हणतात, "चिठ्ठी आपल्या नोंदीत राहू द्या. भिंतीवर 'बाई' लिहिलं तर लोक मोलकरीण समजतील. उगाच गैरसमज."

मी म्हटलं, "गैरसमज झाला तर आपण सांगायचं. आपण तिथे उभे असतो ना, तोंड असतं ना आपल्याला?" आणि माझा आवाज असा फुटला की साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांना वाटलं, कामाचा ताण.

तुम्हाला कळलं असेल. हे पत्र मला चार आठवड्यांपूर्वीच लिहायचं होतं, बाकीची तीन म्हणजे मी वाटेत थांबत थांबत आले.

बाबा गेले त्या आठवड्यात लोक भेटायला येत होते. आमचे तेव्हाचे संचालक आणि त्यांच्या पत्नी आल्या. तुम्ही आतून चहा घेऊन आलात, कारण मी बसले होते आणि तुम्हाला बसवत नव्हतं. त्या बाईंनी विचारलं, "या कोण?" मी म्हणाले, "या आमच्या बाई." मी खोटं बोलले नाही. तुमच्यासाठी माझ्याकडे दुसरा शब्दच नव्हता कधी. त्या म्हणाल्या, "बरं आहे, अशा वेळी घरात कुणी कामाला असलं की." आणि चहा संपवून, रिकामा कप तुमच्याकडे धरून म्हणाल्या, "जरा गार पाणी आण गं."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. एकदाच. मग पाणी आणलंत, खाली बशी ठेवून, आणि आत गेलात.

मी काही बोलले नाही. तीन वर्षं मी स्वतःला सांगत आले की बोलायला वेळच मिळाला नाही, शोक होता, त्यांना ओशाळं वाटलं असतं. यातलं काही खरं नाही. वेळ भरपूर होता, त्या अर्धा तास बसल्या. खरं हे की माझी बढती त्या गृहस्थांच्या हातात होती, आणि त्यांच्या बायकोची चूक तिच्या तोंडावर दाखवायची मला भीती वाटली. ज्या नवऱ्याच्या घरात तुम्ही सदतीस वर्षं काढलीत, त्याच घरात तो जाऊन चार दिवस झालेले असताना मी तुम्हाला मोलकरीण होऊ दिलं. बढती मिळाली मला. पुढच्याच महिन्यात.

पंधरा दिवसांनी तुम्ही म्हणालात, "बहिणीकडे जाते, तिला एकटं वाटतं." मी म्हणाले, "हो, जा की, हवापालट होईल." स्टेशनवर पोचवायला आले आणि खिडकीपाशी उभं राहून तुमच्या पिशव्यांबद्दल बोलत राहिले. तुम्ही गाडी हलेपर्यंत वाट पाहिलीत. मी पिशव्यांवरच होते.

बाई, मला माफ करा. तुम्ही इथे परत यावं असं वाटतं, पण ते म्हणायचा हक्क मी राखलाय असं वाटत नाही. दालन वीसला, शनिवारी, सकाळी दहाला उघडणार आहे.

तुमची
बडबडी


सोमवार, १५ एप्रिल

बाई,

शुक्रवारी पेटीत जाड पाकीट होतं. तुमचं अक्षर पाहून मी जिन्यातच बसले, शेजारच्या आजोबांना वळसा घालून जावं लागलं.

आत माझीच चारही पत्रं. पत्रांशिवाय एक कागद नाही. आणि सगळीकडे लाल शाई.

मी आधी घाबरले, मग हसायला लागले, मग आजोबांनी वरून विचारलं, "सगळं ठीक ना?" पहिल्या पत्रात 'महत्व' खोडून 'महत्त्व'. दुसऱ्यात 'उहापोह'चा 'ऊहापोह'. माझ्या प्रत्येक 'म्हणजे'भोवती गोल, आणि शेवटी समासात 'हा शब्द काढून वाच, वाक्य उभे राहते.' काढून वाचलं. बऱ्याच ठिकाणी उभं राहतं. आजच्या पत्रात तो शब्द टाळते आहे, लक्षात आलं असेल. गुडघ्याच्या प्रश्नापुढे 'बरा.' पेटी मध्ये अडकल्याच्या जागी बाजूला एक बरोबरची खूण, तिचा अर्थ तुम्ही हसलात असा मी लावलाय.

चौथं पत्र सगळ्यात शेवटी होतं. ते उघडायला मला संध्याकाळ झाली. चहा केला, गार झाला.

पाटीच्या मजकुरात तुम्ही 'सावत्र' हा शब्द एका रेघेनं खोडलाय. समासात लिहिलंय, 'विशेषण अनावश्यक.' शनिवारी सकाळी मी तो कागद तसाच साहेबांपुढे ठेवला. छपाईला एकदा गेलेला मजकूर परत मागवायचा, ते खवळतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "हे कुणी तपासलंय?" मी सांगितलं. म्हणाले, "मग ऐकलंच पाहिजे." नवी पाटी आज आली. चिठ्ठीच्या ओळीला तुम्ही हात लावला नव्हता, म्हणून तीही राहिली, आता सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, आणि 'मुलांची आई' याच्या मध्ये काही नाही. वंशजकाका येऊन वाचून गेले, दोनदा.

पण त्या पत्राच्या दुसऱ्या पानावर, जिथे मी लिहिलं होतं 'मी म्हणाले, "या आमच्या बाई"', तिथे तुम्ही खाली रेघ मारलीत. मला वाटलं, आता येतं ते. समासात बारीक अक्षरात होतं, 'वाक्य बरोबर. पुढचे वाक्य राहिले.'

रविवारी मी त्या जुन्या संचालकांच्या पत्नीकडे गेले. ते गृहस्थ निवृत्त झालेत, दोघं गावाच्या त्या टोकाला राहतात. त्यांनीच दार उघडलं, "अगं ये, किती दिवसांनी." बसवलं. मी बसल्याबसल्याच सांगायला घेतलं, नाहीतर पिशव्यांवर गेले असते.

"बाबा गेले तेव्हा तुम्ही आमच्याकडे आला होतात."

"हो तर. फार उकडत होतं त्या दिवशी."

"तुम्ही ज्यांना पाणी आणायला सांगितलंत ना, त्या माझ्या आई."

"तू तर बाई म्हणालीस."

"हो. बाईच म्हणतो आम्ही. शाळेपासून. त्यांनी मला वाढवलं."

त्यांचा हात गालावर गेला. मग अगदी हळू म्हणाल्या, "मग तेव्हाच सांगायचं होतंस गं. मी उठून पाया पडले असते त्यांच्या."

त्यांनी तुमचा पत्ता मागितला. मी दिला नाही, म्हटलं आधी विचारते. विचारते आहे.

बाई, परतताना रस्त्यात मला जाणवलं की मी 'आई' म्हटलं. मोठ्यानं, परक्या घरात, आयुष्यात पहिल्यांदा. तुमच्या माघारी जमलं. तोंडावर जमेल असा शब्द मी देत नाही, जीभ शाळेतच वळलेली आहे. पण शनिवारी तुम्ही आलात तर मी दाराशीच उभी असेन, आणि कुणी विचारलं या कोण, तर दोन्ही वाक्यं सांगेन.

तुमची
बडबडी